खोडावरचे तीन ठोके

मित्रांनो, मी एक जुनी मोगरी आहे. मोगरी म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणाला सुताराच्या हातातली आठवेल, कुणाला धुणे बडवायची. मी त्या दोघींची लांबची बहीण. माझे डोके बाभळीच्या गाभ्याचे, दांडा दीड वीत लांब. आयुष्यभर मी एकच काम केले: झाडाच्या खोडावर ठोकायचे आणि ते आतून भरीव आहे की पोकळ, ते सांगायचे.

खोड भरीव असले की मी 'टक्क' करते. पोकळ असले की 'ढब्ब'. याच्या पलीकडे मला एक अक्षर येत नाही. दोन शब्दांवर मी सारा जन्म काढला, आणि त्यांतला एक शब्द, ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्या दिवशी वाया गेला. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझे मालक झाडे तोडण्याचे आणि छाटण्याचे काम करत. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही तेच म्हणेन. तरुणपणी त्यांनी एका सुताराच्या शेडवर कललेली बाभूळ उतरवून दिली. काम झाल्यावर सुताराने त्यांना विचारले, "झाड आतून कुजलेलं आहे की नाही, हे चढायच्या आधी कसं ओळखतोस?" दादा म्हणाले, "चढल्यावर कळतंच की." सुतार म्हणाला, "शाबास. डॉक्टर नळी लावायच्या आधी पोट फाडतो का रे?" आणि त्याच बाभळीच्या बुंध्यातून त्याने मला घडवले. दांडा बसवताना त्याने पाचर इतकी नेमकी मारली, की तीस वर्षे झाली, मी अजून हललेले नाही.

त्या दिवसापासून मी दादांच्या कमरेला आले.

दादांची काम बघायची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक वर बोट दाखवून "ही फांदी, ती फांदी" करत असे, आणि दादा मात्र खाली बघत. फांदीखाली काय आहे? कौले, काच, विजेची तार, की मोकळी माती? फाटक किती रुंद आहे? तोडलेला पाला गाडीपर्यंत हाताने वाहायचा की ओढत न्यायचा? ते म्हणत, "उंचीचे पैसे नसतात. फांदी कुठे पडू द्यायची नाही, त्याचे पैसे असतात." माळावरचे साठ फुटी झाड ते सकाळच्या एका खेपेच्या भावात पाडत, आणि काचेच्या छपरावर आलेल्या एका फांदीचा भाव ऐकून लोक खुर्चीत बसत.

हे सगळे झाले की माझी पाळी येई. खोडाला एक फेरी. गुडघ्याशी, कमरेशी आणि डोक्याच्या वर, प्रत्येक ठिकाणी तीन ठोके. मी टक्क म्हटले तर दोर टाकून वर चढायचे. ढब्ब म्हटले तर चढायचे नाही. पाळणा लावलेली क्रेन मागवायची, आणि मग भाव दुप्पट. क्रेनचे नाव काढले की निम्मी गिऱ्हाइके "बघतो, कळवतो" म्हणत आणि पुन्हा तोंड दाखवत नसत. पण दादांनी माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

चढायचे ठरले की गोट्याएवढ्या वाळूच्या पिशवीला बारीक दोरी बांधून ते ती उंच बेचक्यातून फेकत, आणि तिच्यामागून जाड दोर ओढून घेत. फांदी कापताना आधी खालून एक छेद, मग थोडे पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. राहिलेला खुंट शेवटी, फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडे असते त्याला धक्का न लावता. "त्या कड्यातूनच झाड स्वतःची जखम भरतं. ते कापलं की झाडाचा हातच कापला," असे ते सांगत. जड फांदी दोराने उतरवायची असेल तर खाली दोराचे तीन वेढे खोडाला घालून गाठ्या उभा असे. गाठ्या हा दादांचा वीस वर्षांचा सोबती. "माझ्या लग्नाची सोडून कुठलीही गाठ मी एका हाताने सोडवतो," असे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि गिऱ्हाईक हसले नाही तर पुन्हा ऐकवायचा.

या सगळ्या शिस्तीत एक भोक होते. चेन सॉ कानाशी दिवसभर किंचाळायची, आणि कानांवर लावायचे इअरमफ गाडीच्या आरशाला लटकत असायचे. दादांची लेक लहानपणी ते लावून गाडीत बसे आणि जग गप्प झाले म्हणून खुश होई. दादांना कुणी टोकले तर म्हणत, "कान झाकले तर फांदी कडकडलेली कशी ऐकू येणार? फांदी आधी बोलते, मग तुटते." हे खरेच होते. पण फांदीचे बोलणे ऐकण्यासाठी त्यांनी कान उघडे ठेवले, आणि त्या उघड्या कानांतूनच त्यांचे ऐकणे वर्षावर्षाला थोडे थोडे सांडत गेले.

ते मला सर्वांत आधी कळले. तीन ठोक्यांचे चार झाले, मग सहा. मग ते माझ्या शेजारी खोडावर दुसरा हात टेकू लागले. कानाला जे मिळत नव्हते ते तळव्याला मिळते का बघू लागले. पातळ सालीच्या झाडांवर थोडे मिळायचे. जाड सालीच्या झाडांवर काहीच नाही. त्याच सुमारास वरून "खाली!" आणि खालून "मोकळं!" असे ओरडण्याची जुनी पद्धत त्यांनी बंद केली. हात वर केला की मोकळे, मूठ आवळली की थांब. "मशीनच्या आवाजात घसे कशाला फोडायचे?" गाठ्याला ही युक्ती इतकी आवडली की त्याने ती इतर टोळ्यांनाही शिकवली. दादांना आता खालचा "मोकळं" ऐकूच येत नाही, हे कुणाच्या मनातही आले नाही.

आणि मग दादांना एक नवा कान सापडला. त्यांची लेक.

ती शिक्षण संपवून पूर्णवेळ त्यांच्याबरोबर येऊ लागली होती. नकाशे काढायची, फोन घ्यायची, दोर तपासायची, आणि काम बघायला जाताना दादांच्या शेजारी उभी असायची. तिचा कान कोवळा आणि नेमका होता. तिच्या चेहऱ्यावर काहीच राहत नसे. खोड पोकळ वाजले की तिची डावी भुवई वर जायची. तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. दादा ठोकायचे आणि कान दिल्यासारखी मान वाकडी करायचे, पण त्यांचे डोळे लेकीवर असायचे. भुवई हलली की म्हणायचे, "पोकळ आहे. क्रेन लागेल." लेकीला वाटायचे, आपण दोघे एकसारखे ऐकतो. तिला त्याचा मोठा अभिमान होता.

दोन वर्षे हे असे बिनबोभाट चालले. एकही खोड चुकले नाही. फक्त एक गोष्ट बदलली. पूर्वी झाडावर चढतानाही दादा मला कमरेला लावून नेत आणि बेचक्याशी पुन्हा ठोकून बघत. ते त्यांनी बंद केले. वर कुणाचा चेहरा दिसणार होता?

आता चूक कुठे झाली, ते ऐका.

एका बंगल्यातले काम बघायला आम्ही गेलो होतो. झाड सोपे होते. लेकीच्या चेहऱ्यावर हुश्श उमटले. मालकाने ते टिपले, आणि दादांनी भाव सांगताच तो म्हणाला, "अहो, तुमची मुलगी तर बघूनच हसली. एवढं सोपं काम, आणि एवढे पैसे?" शेवटी पाऊण भावात करावे लागले.

गाडीत बसल्यावर दादा कडाडले. "तुझं तोंड आहे की दुकानाची पाटी? गिऱ्हाईक वाचून घेतं!"

"मी काही बोलले का?"

"बोलली असतीस तर परवडलं असतं. भाव सांगून होईपर्यंत चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. भिंत बघ. दगड बघ. दगड हो."

"दगड कसं व्हायचं, बाबा?"

"शिक. पुढे हा धंदा तुलाच बघायचाय."

आणि लेक शिकली. आरशासमोर उभी राहून शिकली. गाठ्या तिला मुद्दाम हसवायचा प्रयत्न करायचा, तेव्हा ओठ घट्ट मिटून शिकली. दादांनीच लावलेले वळण, आणि दादांनाच ते महाग पडणार होते. त्या रागाच्या भरात त्यांना सुचलेच नाही, की ती पाटी गिऱ्हाइकापेक्षा जास्त तेच वाचत होते.

पंधरा दिवसांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडून बोलावणे आले. अंगणात मोठा शिरीष, आणि त्याची मांडीएवढी जाड फांदी नव्या काचेच्या व्हरांड्यावर आलेली. बाईंना झाड हवे होते, ती एक फांदी आणि तिच्या आजूबाजूचा पसारा नको होता. "आणि भाव नीट सांगा हं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्यात मी. मला तोंड बघून कळतं."

लेकीने हे ऐकले आणि चेहरा आणखी घट्ट केला.

दादांनी खाली बघितले, फाटक बघितले, खोडाला फेरी घातली. गुडघ्याशी मी टक्क म्हटले. कमरेशी टक्क. मग त्यांनी हात उंच करून डोक्याच्या वर, बेचक्याच्या दिशेने ठोकले, आणि मी म्हटले, ढब्ब. पुन्हा, ढब्ब. तिसऱ्यांदाही ढब्ब. माझ्यात होते नव्हते तेवढे बळ लावून मी म्हटले. शिरीषाची साल जाड. तळव्याला काही लागले नाही. दादांनी लेकीकडे बघितले.

भुवई हलली नाही.

"खोड खणखणीत आहे," दादा म्हणाले. "दोर लावून उतरवू." आणि त्यांनी चढाईचा भाव सांगितला. बाईंनी थोडी घासाघीस केली, आणि काम ठरले.

लेकीने ढब्ब ऐकला होता, अगदी स्वच्छ. पण गिऱ्हाइकासमोर भाव सांगणाऱ्याचे बोलणे तोडायचे नाही, हाही दादांचाच नियम. ती गाडीत बसेपर्यंत गप्प राहिली. फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाली, "बाबा, बेचक्याखाली खोड पोकळ वाजलं. तरी चढायचं?"

दादांचे लक्ष रस्त्यावर होते, आणि इंजिनचा आवाज होता. ते म्हणाले, "हो, हो. एका दिवसात उरकू."

लेकीने त्यांच्याकडे बघितले. तिच्या मनात काय आले असेल, ते मला वाटते मला माहीत आहे. तीस वर्षांचा अनुभव असलेले वडील. त्यांनी ऐकले आहे, विचार केला आहे, आणि ठरवले आहे. आपण दुसऱ्यांदा विचारायचे म्हणजे त्यांना शिकवायचे. गेल्या दोन महिन्यांत मोठे काम नव्हते आणि दादा बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते. ती पुन्हा बोलली नाही.

कामाच्या दिवशी मी झाडाखाली अवजारांच्या पिशवीवर पडून होते. दादांनी वाळूची पिशवी पहिल्याच फेकीत बेचक्यातून काढली. गाठ्या म्हणाला, "दादा, हात अजून पोराचा आहे तुमचा!" दादांनी ऐकले नाही, पण गाठ्या हसतोय म्हणून तेही हसले. सकाळभर लहान फांद्या उतरल्या. मग मोठ्या फांदीला दोर बांधला. उतरवायचा दोर त्याच बेचक्यातून, दादांचा स्वतःचा दोरही त्याच बेचक्यातून. लेकीने व्हरांड्यासमोरची जागा बघून हात वर केला. मोकळे.

खालून छेद, मग वरून छेद. फांदी सुटली, झुलली, आणि दोराने तिचे सगळे वजन बेचक्यावर टाकले. तेव्हा बेचके बोलले. दादा म्हणायचे तसेच, तुटायच्या आधी. एक कोरडी, लांबट कडकड. गाठ्याने ऐकली, लेकीने ऐकली, व्हरांड्यातल्या बाईंनीसुद्धा ऐकली. लेकीने मूठ आवळून हात उंच केला आणि "बाबा!" म्हणून ओरडली. दादा त्या वेळी फांदीकडे बघत होते.

खोड बेचक्यापासून खाली उभे फाटले. आतून तपकिरी भुसा उडाला, किती वर्षांचा होता कुणास ठाऊक. दादा अर्ध्या झाडासकट बारा फूट खाली आले.

व्हरांड्याच्या काचेला ओरखडाही आला नाही.

मांडीचे आणि खुब्याचे हाड मोडले होते. पुढचे मला गाठ्यामुळे कळले. पिशवी आवरताना तो स्वतःशीच बोलतो. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नर्सने दादांच्या उशाकडून विचारले, "पाणी देऊ का, आजोबा?" दोनदा, तीनदा विचारले. दादा छताकडे बघत राहिले. लेक पायथ्याशी उभी होती. तिने नर्सकडे बघितले, दादांकडे बघितले, आणि पुढे होऊन पेला दादांच्या डोळ्यांसमोर धरला.

पण ती लगेच काही बोलली नाही. बोलली ती दादा घरी आल्यावर, महिन्याभराने, एका दुपारी. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट होती आणि खाटेखाली आमची पिशवी. लेक खुर्ची ओढून, आपले ओठ दिसतील अशी, अगदी त्यांच्या समोर बसली.

"बाबा, कधीपासून ऐकू येत नव्हतं?"

"कोण म्हणतं?" असे दादांच्या ओठांवर आले होते. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि तो प्रयत्न सोडून दिला.

"झाली तीन-चार वर्षं."

"आणि एवढी झाडं तपासलीत ती?"

"ठोकायचो मी. ऐकायचीस तू." ते म्हणाले. "पोकळ लागलं की तुझी डावी भुवई वर जाते. पाच वर्षांची होतीस तेव्हापासून जाते. दूध नासलं तरी जाते."

लेकीचा हात भुवईकडे गेला.

"मग त्या शिरीषाच्या वेळी?"

"त्या दिवशी नाही गेली." दादा किंचित हसले. "दगड हो, दगड हो म्हणून मीच मागे लागलो होतो ना तुझ्या? जमलं तुला, बयो. फार छान जमलं."



"मी गाडीत सांगितलं होतं तुम्हाला," लेक म्हणाली. "तुम्ही हो, हो म्हणालात."

"माझं हो, हो म्हणजे ऐकू आलं नाही, असं समजायचं."

तिला हसू आले, आणि ते अर्ध्यावर मोडले. "हे आधी सांगायचं होतंत, बाबा."

"सांगितलं असतं तर वर चढू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून," दादा म्हणाले.

त्यानंतर दादा एकोणीस महिने जगले. काठी घेऊन फाटकापर्यंत जायचे. डॉक्टरांनी कानाचे यंत्र दिले, ते त्यांनी आठवडाभर लावले आणि ठेवून दिले. म्हणाले, भांडी फार ओरडतात. फुप्फुसाच्या दुखण्याने ते गेले. दोर, पट्टे, करवती गाठ्याने तेल लावून गुंडाळून ठेवल्या. मी खाटेखालच्या पिशवीत राहिले. माझ्यावर धूळ बसली, दांड्याला वास यायला लागला. मला कुणी हात लावावा असे मलाही वाटत नव्हते.

पावसाळा सरल्यावर लेकीने पिशवी उघडली. मला फडक्याने पुसले आणि कमरेला अडकवले. आता मोठ्या, जुन्या झाडांसाठी ती एक यंत्र भाड्याने आणते; त्याची सुईसारखी दांडी खोडात घातली की आतली कूज कागदावर उमटते. पण आधी ती मला ठोकते. गाठ्या इअरमफ घालतो, कुरकुरत घालतो. आणि दादांचा एक नियम तिने मोडला आहे. ज्या दिवशी खोड ठोकायचे, त्या दिवशी भाव सांगायचा नाही. "आज फक्त झाड बघते, भाव उद्या फोनवर सांगेन," असे ती म्हणते. त्यामुळे काही कामे हातची जातात. तोवर दुसरा कुणीतरी येऊन भाव सांगून जातो. पण ठोकताना आता कुणाला चेहरा झाकावा लागत नाही. ती प्रत्येक ठोक्याला मोठ्याने म्हणते, भरीव, भरीव, पोकळ. मग गाठ्याकडे वळून विचारते, "तुला काय ऐकू आलं?" गाठ्याला खात्री नसली तर तो तसे सांगतो. मग ती पुन्हा ठोकते.

मित्रांनो, माझे फार काही मागणे नाही. कानाशी मशीन चालवाल तेव्हा कान झाका. आपल्याला ऐकू येईनासे झाले, तर ते सांगून टाका. त्यात कमीपणा वाटेल, तो दोन दिवस वाटेल. आणि घरातले मोठे माणूस तुमच्या बोलण्यावर नुसते 'हो, हो' म्हणत असेल, तर एकदा सांगितले म्हणजे झाले, असे समजू नका. गाडी थांबवायला लावा, त्यांच्या समोर जाऊन उभे राहा, आणि तेच पुन्हा सांगा. त्यांना राग येईल. येऊ द्या. रागावलेले माणूस आपल्या पायांनी चालत घरी तरी येते.